क्रीडा आणि व्यायाम मानसशास्त्र शिकायचंय? बारावीनंतरचा रस्ता, टप्प्याटप्प्याने

दर वर्षी बारावीचे निकाल लागले की हा प्रश्न येतोच: "मला खेळाडूंचा मानसशास्त्रज्ञ व्हायचंय, कोर्स कुठे असतो?" विचारणारी मुलगी किंवा मुलगा बहुधा स्वतः जिल्ह्याला, राज्याला खेळलेला असतो. ऐन सामन्यात हातपाय गळाल्याचा अनुभव गाठीशी असतो आणि त्यावर काही इलाज असतो हे कुठून तरी कळलेलं असतं. ही ओढ खरी असते. म्हणूनच नुसतं कोर्सचं नाव सांगून त्यांना वाटेला लावणं मला पटत नाही.

या क्षेत्रात अनेक जण उलट्या क्रमाने शिरतात. आधी दोन महिन्यांचं ऑनलाइन प्रमाणपत्र, लगेच 'मेंटल कोच' अशी ओळख, आणि जमलं तर पुढेमागे मानसशास्त्र. या क्रमाला माझा ठाम विरोध आहे. आधी मानसशास्त्राची पदवी, तीही प्रयोग आणि संख्याशास्त्र मनापासून शिकून. तिच्या जोडीला एक मैदान, जिथे तुम्ही नियमित जाता. क्रीडा मानसशास्त्राचं खास शिक्षण त्यानंतर. खालचे टप्पे याच क्रमाने लिहिले आहेत.

पहिला टप्पा: विषयाच्या दोन्ही बाजू बघून घ्या

विषयाचं नाव जोडनाव आहे आणि येणाऱ्यांचं लक्ष बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्यावर असतं.

खेळाची बाजू म्हणजे कामगिरी आणि ती करणारा माणूस. १० मीटर एअर रायफलच्या पात्रता फेरीत ७५ मिनिटांत ६० गोळ्या झाडायच्या असतात. एक खराब गेली तर पुढच्या गोळीआधी मनात काय चालतं? कबड्डीत चढाईला ३० सेकंद असतात. दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसऱ्या 'डू ऑर डाय'ला जाणारा चढाईपटू श्वास कुठे घेतो, कोणाकडे बघतो? लक्ष, चिंता, आत्मविश्वास, संघातली जवळीक, प्रशिक्षकाशी असलेलं नातं, दुखापतीनंतर परत येण्याची भीती, खेळाचाच कंटाळा येणं, निवृत्तीनंतरची पोकळी, हे सगळं या बाजूला येतं.

व्यायामाची बाजू तुमच्या-माझ्या घरातली आहे. प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम तीव्रतेचा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. चालणं चांगलं असतं हे कोणाला माहीत नाही? तरी १ जानेवारीला सुरू केलेलं चालणं संक्रांतीपर्यंत का टिकत नाही? हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला माणूस डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरही जिना चढायला का घाबरतो? पाळी सुरू झाल्यावर शाळेतल्या मुली मैदान का सोडतात? हे सगळे व्यायाम मानसशास्त्राचे प्रश्न आहेत. पदकं जिंकणारे थोडे असतात, मधुमेह आणि रक्तदाब सांभाळत जगणारे गल्लोगल्ली आहेत. महाराष्ट्रात येत्या काळात जास्त गरज आणि जास्त काम याच बाजूला असेल, असं मला वाटतं. प्रवेश घेण्याआधी स्वतःला विचारा: या दुसऱ्या अर्ध्याचं मला कुतूहल आहे का? नसेल तर अर्धा अभ्यासक्रम ओझं वाटेल.

आपल्याकडे हे काम अगदी नवं नाही. पोलीस महानिरीक्षक पदावरून निवृत्त झालेले नाशिकचे भीष्मराज बाम स्वतः नेमबाज होते. योग आणि नेमबाजी या दोन्हींच्या अनुभवातून त्यांनी राहुल द्रविड, अंजली भागवत अशा खेळाडूंबरोबर काम केलं. २०१७ साली ते गेले. त्यांच्या पिढीला विद्यापीठात हा रस्ता आखलेला नव्हता, तुम्हाला आहे. २०११ चा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय क्रिकेट संघाबरोबर असलेले मानसिक प्रशिक्षक पॅडी अप्टन २०२४ मध्ये बुद्धिबळपटू गुकेशच्या जगज्जेतेपदाच्या तयारीतही होते. त्यामुळे खेळ पटावरचा असो की आखाड्यातला, या कामाला त्यात जागा आहे.

दुसरा टप्पा: पदवी कुठली घ्यायची

तीन दारं समोर असतात. मानसशास्त्रातली बी.ए. किंवा बी.एस्सी., शारीरिक शिक्षणाची पदवी, आणि काही ठिकाणी क्रीडाविज्ञान. तिन्हींतून क्रीडा मानसशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गापर्यंत पोहोचता येतं, पण पुढे 'मानसशास्त्रज्ञ' म्हणून उभं राहायचं असेल तर पहिलं दार घ्या. परदेशात हा फरक निर्णायक ठरतो (ते पुढे येईल), आणि इथेही समुपदेशन, संशोधन किंवा प्राध्यापकी यांपैकी कुठेही वळायचं झालं तर मानसशास्त्राची पदवीच साथ देते. शारीरिक शिक्षणाचं दार खेळाचं शास्त्र उत्तम शिकवतं, पण नैराश्य आणि साधा थकवा यांत फरक कसा करायचा हे तिथे पुरेसं शिकायला मिळत नाही. खेळाडूसमोर बसल्यावर हाच फरक सर्वांत आधी ओळखावा लागतो.

बारावी कला, वाणिज्य की विज्ञान, याची फार काळजी करू नका. अकरावी-बारावीला मानसशास्त्र विषय घेतला असेल तर चांगलंच. विज्ञान शाखेच्या मुलांना शरीरशास्त्र आणि आकडेमोड सोपी जाते, कला शाखेच्या मुलांना लिहिणं.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता मेजर (मुख्य) आणि मायनर (दुय्यम) विषय निवडता येतात. मेजर मानसशास्त्र ठेवा. कॉलेजात शारीरिक शिक्षण, योग किंवा आहारशास्त्र मायनरला मिळत असेल तर घ्या. चौथं ऑनर्सचं वर्ष करायची सोय असेल तर ते संशोधनासह करा, कारण छोटा का होईना, स्वतः केलेला एक अभ्यास पुढच्या प्रत्येक अर्जात उपयोगी पडतो.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या. घरबसल्या मानसशास्त्र शिकायचा जो मार्ग पूर्वी अनेकांनी घेतला, तो आता बंद झाला आहे. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) मानसशास्त्राचे नवे प्रवेश दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने द्यायला मनाई केली आहे. कोणी तुम्हाला ऑनलाइन एम.ए. मानसशास्त्राची जागा देऊ करत असेल तर पैसे भरण्याआधी यूजीसीच्या संकेतस्थळावर खात्री करा.

तिसरा टप्पा: पदवीच्या वर्षांत संख्याशास्त्राशी दोस्ती आणि मैदानाशी ओळख

हाच टप्पा सगळ्यांत महत्त्वाचा, आणि बरेच जण इथेच घाई करतात.

आधी संख्याशास्त्र. मानसशास्त्राला येणारे पुष्कळ जण गणितापासून सुटका म्हणून येतात आणि दुसऱ्या वर्षाला सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध समोर आले की खचतात. ते का शिकायचं, हे मैदानावरच्या एका उदाहरणावरून सांगतो. कोच म्हणतात, "पोरं वाईट खेळली की मी झापतो, दुसऱ्या दिवशी सुधारतात. कौतुक केलं की बिघडतात." त्यांचं निरीक्षण खरं असतं, निष्कर्ष चुकीचा. खेळाडूची कामगिरी तिच्या नेहमीच्या पातळीच्या वर-खाली होत असते. फार वाईट दिवसानंतरचा दिवस बहुधा जरा बरा असतो आणि फार चांगल्यानंतरचा जरा कमी, मग कोच काहीही बोलोत. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांना इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षकांशी बोलताना हीच गल्लत आढळली होती. सरासरीकडे परत येण्याची ही चाल ज्याला कळली, तो शिव्यांना शास्त्र समजत नाही. स्वतः घेतलेल्या कार्यशाळेनंतर खेळाडू सुधारला तर लगेच श्रेयही घेत नाही. प्रॅक्टिकलचं जर्नल मित्राचं बघून उतरवू नका. आकडेमोडीसाठी जामोवी, जास्प, आर ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात, महागड्या पॅकेजवाचून अडत नाही.

दुसरं, मैदान. घराजवळचं एक निवडा: तालीम, खो-खोचं मंडळ, जलतरण तलाव, बॅडमिंटन हॉल, काहीही. तुम्ही स्वतः खेळता तो खेळ शक्यतो टाळा. ओळखीच्या खेळात आपण बघण्याऐवजी सल्ले द्यायला लागतो. प्रशिक्षकांना किंवा वस्तादांना आधी भेटा, मग साधं पत्र द्या. मजकूर साधारण असा ठेवा:

"आदरणीय सर, मी मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी आपल्याकडचा सराव बघण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. सरावाच्या वेळी मी खेळाडूंशी बोलणार नाही, फोटो किंवा व्हिडिओ काढणार नाही, कोणालाही सल्ला देणार नाही. आपण सांगाल तिथे बसेन आणि आपण थांबवाल तेव्हा थांबेन."

तिथे गेल्यावर काय बघायचं? 'वातावरण' बघू नका, मोजता येईल असं काही बघा. बॅडमिंटनमध्ये ११ गुणांवर ६० सेकंदांची विश्रांती असते. त्यात कोच किती सूचना देतात, त्यातल्या किती तंत्राच्या आणि किती धीराच्या, आणि खेळाडू कितव्या सूचनेनंतर नजर दुसरीकडे वळवतो? गादीवरच्या कुस्तीत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांमध्ये ३० सेकंद मिळतात. मागे पडलेल्या आणि पुढे असलेल्या पैलवानाशी वस्ताद वेगळं बोलतात का? चूक झाल्यावर खेळाडू आधी कोणाकडे बघते: चेंडूकडे, कोचकडे की कठड्यापलीकडे उभ्या असलेल्या वडिलांकडे? असं एकच निरीक्षण धरून महिनाभर नोंदी ठेवा. खेळाडूंची नावं लिहू नका, खुणा वापरा. एवढं केलेला विद्यार्थी मुलाखतीत वेगळाच उठून दिसतो, कारण तो पुस्तकातली वाक्यं न सांगता पाहिलेलं सांगतो.

चौथा टप्पा: पायाभूत सिद्धांत, आणि ते कुठे तोकडे पडतात

इतिहास थोडक्यात पुरतो. १८९८ साली अमेरिकेत नॉर्मन ट्रिप्लेट यांनी पाहिलं की सायकलपटू एकट्यापेक्षा सोबतीने जास्त वेगात जातात, आणि मग मुलांना मासेमारीची रीळं फिरवायला देऊन त्यांनी त्याची चाचणी घेतली. १९२५ मध्ये इलिनॉय विद्यापीठात कोलमन ग्रिफिथ यांनी खेळाडूंवरच्या संशोधनासाठी प्रयोगशाळा उभारली. १९६५ मध्ये रोमला या विषयाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. परीक्षेपुरतं एवढं झालं की पुढे जा.

दडपणाचा भाग मात्र सावकाश शिका. प्रत्येक पुस्तकात उलट्या 'यू'ची आकृती असते: उत्तेजना कमी तर कामगिरी कमी, मध्यम असेल तर उत्तम, फार झाली तर पुन्हा घसरण. तिचं मूळ यर्क्स आणि डॉडसन यांच्या १९०८ च्या प्रयोगात आहे आणि तो प्रयोग विजेचे झटके दिलेल्या उंदरांवरचा आहे. उंदरावरून थेट ऑलिंपिकपटूवर उडी मारता येत नाही. पुढे युरी हानिन यांनी दाखवलं की प्रत्येक खेळाडूचा स्वतःचा एक पट्टा असतो. कोणी बऱ्यापैकी चिंतेत असतानाच उत्तम खेळतो, कोणाला शांतपणा लागतो. म्हणून अख्ख्या संघाला रांगेत बसवून 'रिलॅक्स व्हा' सांगणं काहींना मदत करतं आणि काहींचा खेळ बिघडवतं. शिवाय चिंतेचे दोन पदर असतात. डोक्यातले विचार वेगळे आणि शरीरातली धडधड वेगळी, दोघांवरचे उपायही वेगळे. धडधडीवर श्वास चालतो. 'आई काय म्हणेल' या विचारावर नुसता श्वास पुरत नाही.

ऐन वेळी हात का गळतात, यावर १९९२ साली रिच मास्टर्स यांनी गोल्फचा एक प्रयोग केला. एका गटाला पटिंगचं (चेंडू हळूच खळग्यात ढकलण्याचं) तंत्र सूचनांसह शिकवलं, दुसऱ्याला सूचनांशिवाय, डोकं दुसऱ्या कामात गुंतवून. दडपण आणल्यावर सूचना पाठ असलेला गट अडखळला. पक्क्या झालेल्या हालचालीवर आपण पुन्हा जाणीवपूर्वक पहारा बसवला की ती मोडते. याचा मैदानावरचा अर्थ सरळ आहे: अंतिम सामन्याच्या सकाळी 'कोपर वर, मनगट सैल' असल्या सूचनांचा भडिमार थांबवा. जोन विकर्स यांचं हालचालीआधीच्या शेवटच्या स्थिर नजरेवरचं कामही याच्याच जवळचं आहे, तेही वाचा.

आत्मविश्वासासाठी अल्बर्ट बांडुरा. स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास चार ठिकाणांहून येतो, असं त्यांनी १९७७ मध्ये मांडलं: स्वतः करून मिळालेलं यश, आपल्यासारख्या कोणाला जमताना पाहणं, इतरांनी पटवून देणं, आणि शरीराच्या खुणांचा आपण लावलेला अर्थ. आपल्याकडे सगळा जोर तिसऱ्यावर असतो, भाषणांवर. पहिल्याची ताकद सगळ्यांत जास्त आहे आणि ती सरावाच्या आखणीतून येते, म्हणजे त्यासाठी कोचबरोबरच बसावं लागतं.

व्यायामाच्या बाजूला डेसी आणि रायन यांचा स्वयंनिर्धारणाचा सिद्धांत आधी घ्या. आपण स्वतः निवडलंय, आपल्याला जमतंय, आपली माणसं सोबत आहेत, या तीन गरजा भागल्या की व्यायाम टिकतो. सोसायटीतल्या बायकांचा चालायचा गट वर्षानुवर्षं टिकतो आणि जिमचं वार्षिक सभासदत्व वाया जातं, ते का, याचा उलगडा इथे होतो. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे यांचं बदलाच्या पायऱ्यांचं प्रतिमान धूम्रपान सोडण्याच्या अभ्यासातून आलं. समजायला ते सोपं आहे, पण माणसं नेमक्या पायऱ्या चढतात का, यावर बरीच टीकाही झाली आहे. तीही वाचा.

आणखी एक गोष्ट, जी इथल्या विद्यार्थ्याला सोन्यासारखी आहे. चिंता, प्रेरणा, संघभावना मोजणाऱ्या बहुतेक प्रश्नावल्या परदेशात, इंग्रजीत आणि बव्हंशी विद्यापीठातल्या खेळाडूंवर तयार झाल्या. सांगलीच्या पंधरा वर्षांच्या कबड्डीपटूला त्या तशाच दिल्या तर येणारा आकडा निरर्थक असू शकतो. प्रश्नावली मराठीत आणणं, दुसऱ्याकडून ती उलट इंग्रजीत करून पडताळणं, थोड्या खेळाडूंवर तपासणं, विश्वासार्हता काढणं, हे पदव्युत्तर प्रबंधासाठी उत्तम काम आहे आणि त्याची खरोखर उणीव आहे. मूळ लेखकांची परवानगी मात्र आधी घ्या.

पाचवा टप्पा: भारतात पदव्युत्तर शिक्षण

दोन रस्ते आहेत. पहिला, विद्यापीठात मानसशास्त्राची एम.ए. किंवा एम.एस्सी. करायची, समुपदेशन किंवा क्लिनिकल शाखा घ्यायची आणि प्रबंध खेळावर करायचा. दुसरा, थेट क्रीडा मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी. त्यासाठी मणिपूरचं राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ, १९५७ पासून चालू असलेली ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था आणि चेन्नईचं तमिळनाडू शारीरिक शिक्षण आणि क्रीडा विद्यापीठ यांची त्या वर्षीची माहितीपत्रकं बघा. जागा आणि पात्रता बदलत असतात.

निवडायचं कसं? इमारत आणि जाहिरात बाजूला ठेवून विभागाला फोन करा आणि विचारा: प्रत्यक्ष खेळाडूंबरोबरच्या कामाचे तास किती? त्या कामावर देखरेख कोण करतं, आणि त्यांनी स्वतः खेळाडूंबरोबर काम केलंय का? संशोधनासाठी नीतिशास्त्र समिती आहे का? मागच्या वर्षीचे विद्यार्थी आता कुठे आहेत? शक्य झालं तर त्यांच्यापैकी एकाशी बोला. उत्तरं गोलगोल आली तर दुसरा विभाग शोधा. मला विचाराल तर चांगल्या विभागातली साधी मानसशास्त्राची एम.ए. आणि सोबत मैदान, याला कमकुवत विशेष अभ्यासक्रमापेक्षा वरचं स्थान देईन.

परवान्याबद्दल स्पष्ट राहा. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी क्लिनिकल मानसशास्त्रज्ञांसाठी असते. क्रीडा मानसशास्त्रज्ञ म्हणून वेगळा परवाना आपल्याकडे नाही. २०२१ च्या संलग्न आणि आरोग्यसेवा व्यावसायिक आयोगाच्या कायद्याने मानसशास्त्राच्या इतर शाखांना चौकट द्यायला सुरुवात केली आहे, तिच्यावर लक्ष ठेवा. परवाना नाही म्हणजे काहीही लिहायला मोकळीक आहे, असं समजू नका. पाटीवर तीच पदवी लिहा जी हातात आहे.

सहावा टप्पा: परदेशी जायचं असेल तर

ब्रिटनची चौकट सर्वांत रेखीव आहे, म्हणून तीच सविस्तर सांगतो. तिथे 'स्पोर्ट अँड एक्सरसाइज सायकॉलॉजिस्ट' हे पदनाम कायद्याने संरक्षित आहे. २००९ पासून एचसीपीसी या नियामक संस्थेच्या नोंदणीशिवाय ते वापरता येत नाही. शिडी अशी: ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची मान्यता असलेली मानसशास्त्राची पदवी, किंवा तिच्या तोलाची म्हणून सोसायटीने तपासून मान्य केलेली पदवी. मग मान्यताप्राप्त एक वर्षाची एम.एस्सी., जिला पहिला टप्पा म्हणतात. मग किमान दोन वर्षांचं देखरेखीखालचं काम, म्हणजे दुसरा टप्पा. त्यानंतर नोंदणी. लिव्हरपूल जॉन मूर्ससारख्या विद्यापीठात प्रोफेशनल डॉक्टरेटचा पर्यायही आहे.

आपली मुलं दोन ठिकाणी फसतात. एक: भारतातली पदवी शारीरिक शिक्षणाची असली तरी काही विद्यापीठं एम.एस्सी.ला प्रवेश देतात. वर्ष छान जातं, आणि शेवटी कळतं की पायाची मान्यता नसल्याने पुढच्या टप्प्याला जाता येत नाही. मग दुसऱ्या विषयाच्या पदवीधरांसाठीचा मानसशास्त्राचा वेगळा कन्व्हर्जन कोर्स आणि आणखी एक वर्षाची फी. म्हणून प्रवेशाआधीच सोसायटीकडून आपल्या पदवीची तपासणी करून घ्या. दोन: एम.एस्सी.नंतर काम करायला मिळणारा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा आहे आणि १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो १८ महिन्यांचाच मिळणार आहे. दुसरा टप्पा किमान दोन वर्षांचा. हे गणित घरी बसून, कर्ज काढण्याआधी मांडा. फक्त एम.एस्सी. करून परत यायचं ठरवलं तरी तो चांगला निर्णय असू शकतो, पण तो ठरवून घेतलेला असावा.

अमेरिकेत 'सायकॉलॉजिस्ट' हा परवाना प्रत्येक राज्य देतं. खेळाडूंच्या कामगिरीवर काम करणाऱ्यांसाठी एएएसपी (असोसिएशन फॉर अप्लाइड स्पोर्ट सायकॉलॉजी) या संघटनेचं सीएमपीसी (सर्टिफाइड मेंटल परफॉर्मन्स कन्सल्टंट) प्रमाणपत्र आहे. त्याला पदव्युत्तर शिक्षण, मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली ४०० तास आणि परीक्षा लागते. फिनलंडमध्ये युवास्कुला विद्यापीठात इंग्रजीतून दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी आहे. वर उल्लेख केलेल्या हानिन यांनी त्याच शहरात दीर्घकाळ संशोधन केलं.

शिष्यवृत्तीसाठी अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांनी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती बघावी. तिच्यात विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, आणि या विषयात नावाजलेली काही विद्यापीठं सर्वसाधारण क्रमवारीत मागे असतात. त्यामुळे विद्यापीठ आणि शिष्यवृत्ती एकाच बैठकीत ठरवा.

सातवा टप्पा: पहिल्यांदा खेळाडूसमोर बसताना

देखरेख करणारं कोणी असल्याशिवाय बसू नका. समोरची व्यक्ती १८ वर्षांखालची असेल तर पालकांची लेखी संमती घ्या आणि मुलीची किंवा मुलाची स्वतःचीही. बोलणं उघड्या, नजरेत येणाऱ्या जागी करा, बंद खोलीत नको.

सगळ्यांत अवघड प्रश्न कोचकडून येतो. तो साधारण असा असतो: "काय म्हणाली ती? घरी लग्नाचं चाललंय का?" कोचने तुम्हाला आत घेतलेलं असतं, कदाचित पैसेही तेच देणार असतात, आणि त्यांची काळजी खरी असते. तरी उत्तर असंच हवं: "सर, ती काय बोलली ते तिच्याकडूनच येऊ दे. सरावात काय बदलावं लागेल एवढं मी तिला विचारून तुम्हाला सांगते." ही रेषा पहिल्याच भेटीत, खेळाडू आणि कोच दोघांच्या समोर आखायची असते. नंतर आखायला गेलात तर कोचना तो अविश्वास वाटतो.

या गुप्ततेला अपवाद आहेत आणि तेही पहिल्याच भेटीत सांगायचे. जिवाला धोका असेल तर गप्प राहता येत नाही. अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग समोरचा कोच कितीही नावाजलेला असो. आणि जेवण सुटलंय, झोप उडालीय, जगण्यात रस उरलेला नाही अशा खुणा दिसल्या तर ते काम मनोविकारतज्ज्ञांचं किंवा क्लिनिकल मानसशास्त्रज्ञांचं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने खेळाडूंच्या मानसिक आरोग्याच्या प्राथमिक तपासणीसाठी एक साधन तयार केलं आहे, ते शिकून ठेवा. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. तो खेळाडूंना पहिल्याच दिवशी द्या.

आठवा टप्पा: काम आणि पैसा

पूर्ण वेळ नोकऱ्या थोड्या आहेत. भारतीय क्रीडा प्राधिकरणाची केंद्रं, पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटसारख्या संस्था, ऑलिंपिक गोल्ड क्वेस्टसारखे खेळाडूंना पाठबळ देणारे उपक्रम आणि मोठ्या खासगी अकादम्या, ही मुख्य ठिकाणं. बहुतेक जणांचा आठवडा मिश्र असतो: दोन दिवस अकादमी, दोन दिवस शाळेत किंवा दवाखान्यात समुपदेशन, एखादा दिवस कॉलेजात शिकवणं. प्राध्यापकीकडे ओढा असेल तर मानसशास्त्रातली नेट परीक्षा एम.ए.च्या दुसऱ्या वर्षातच द्या. व्यायामाच्या बाजूला हृदयविकार आणि मधुमेह पुनर्वसन करणाऱ्या रुग्णालयांशी बोलून बघा. तिथे हे पद नसतं, पण फिजिओथेरपिस्ट आणि आहारतज्ज्ञांच्या जोडीला तुम्ही काय देऊ शकता हे पानभर लिहून नेलं तर दार उघडू शकतं.

नववा टप्पा: कागदपत्रं आणि वेळापत्रक

केंद्रीय विद्यापीठांसाठीची सीयूईटी-पीजी परीक्षा साधारण मार्च महिन्यात होते आणि अर्ज त्याआधी हिवाळ्यात निघतात. ब्रिटनमधले वर्ग सप्टेंबरमध्ये सुरू होतात, म्हणून अर्ज आदल्या वर्षीच्या दिवाळीच्या सुमारास करा, म्हणजे पदवीची तपासणी आणि व्हिसा दोन्हींना वेळ मिळतो. शिफारसपत्रासाठी एक प्राध्यापक आणि एक प्रशिक्षक निवडा आणि त्यांना किमान महिनाभर आधी सांगा. प्रत्येक सत्राच्या गुणपत्रिकेबरोबर त्या वर्षीच्या अभ्यासक्रमाची विद्यापीठाने प्रसिद्ध केलेली प्रतही डाउनलोड करून जपून ठेवा. परदेशी संस्था तुमची पदवी तपासताना कोणत्या पेपरात काय शिकवलं, प्रॅक्टिकल किती, संशोधन किती, असं तपशिलात विचारतात, आणि अभ्यासक्रम बदलल्यावर जुनी प्रत मिळवायला विद्यापीठात खेटे घालावे लागतात.